कार्डावर मावेल एवढं

पोस्टकार्डावर किती मावतं हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. हसू नका. ज्याला कार्डच वाचता येत नाही त्याला ते कुठनं ठाऊक असणार? डबा बघून आत किती पीठ बसेल ते मी डोळे झाकून सांगितलं असतं. पण तळहाताएवढ्या कागदावर किती बोलणं बसतं ते मी फक्त कानांनी मोजलेलं होतं, आणि माझ्या कानांच्या मापानं एका कार्डावर चांगला अर्धा तास बसायचा.

सांगोल्याच्या पलीकडच्या एका खेड्यातनं लग्न होऊन मी सोलापुरात आले. वडील देवळाचे पुजारी, गावात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. माझ्या तोंडात 'हाय' आणि 'न्हाय'. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आहे म्हण, आहे! घरात कुणी मेंढरं बांधलीत का?" त्यांना दिसायचं कमी, पण कान असे तिखट की मी चुलीपुढं पुटपुटलेलं ओसरीवर ऐकायच्या. घरात त्या, त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे माझे भाऊजी, धाकटे चिरंजीव म्हणजे माझा नवरा, आणि मी. भाऊजींची बायको बाळंतपणात गेलेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. ते शाळेत भूगोल शिकवायचे. सगळी पृथ्वी त्यांना तोंडपाठ होती आणि स्वतः कुर्डुवाडीच्या पुढं कधी गेले नव्हते.

नवरा एका कापडाच्या पेढीवर कारकून होता. पेढीचा माल समुद्रापार जायचा, चादरी, लुगडी, धोतरं. मी सतराची असताना त्याला पेढीनं तिकडं पाठवला. आधी कोलंबो, मग रंगून, मधनंमधनं पिनांग. "दोन वर्षांत येतो," असं तो आईला म्हणाला. मला काही म्हणाला नाही. माणूस मुळात अबोल, आणि चारचौघांत बायकोशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. मद्रासच्या गाडीत भाऊजींनी त्याला बसवून दिलं. मी घरीच होते. स्टेशनावर बायकांचं काय काम!

आता रीत अशी की नवरा बायकोला पत्र लिहीत नसे. पत्र थोरल्या भावाला यायचं, थोरला भाऊ ते आईला वाचून दाखवायचा, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची. भाऊजी माझ्याशी कधी समोरासमोर बोलले नाहीत. "आई, तिला म्हणावं आज भाकरी कडक हवी," असं बोलायचे, आणि मी तीन हातांवर उभी असायची. सात वर्षं असंच चाललं.

कार्ड दुपारी यायचं. भाऊजी साडेपाचला शाळेतनं यायचे, पाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचे. पुसायला एवढा वेळ लावायचे की सासूबाई वैतागायच्या. "अरे, काच झिजेल!" मग ते कार्ड डोळ्यांसमोर धरायचे, घसा साफ करायचे आणि वाचायला लागायचे.

काय वाचायचे म्हणून सांगू! कोलंबोच्या धक्क्यावर एक नारळवाली बसायची. नवऱ्याला तिची भाषा येईना, तिला याची. हा बोट दाखवायचा आणि ती नारळ कानाशी नेऊन टिचकी मारायची, मग मान हलवून तो बाजूला ठेवायची आणि दुसरा उचलायची. चार-पाच नारळांना टिचक्या मारून झाल्या की एकाशी थांबायची आणि तोच फोडायची. एक दिवस तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावून खुणेनं विचारलं, घरी कुंकवाची आहे का कुणी? आणि यानं मान डोलावली.

त्या दिवशी तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. सासूबाई ओसरीवरनं ओरडल्या, "काय जळतंय गं?" काय सांगणार, माझा नवरा समुद्रापलीकडं एका नारळवालीपुढं माझ्यासाठी मान डोलावतोय म्हणून?

पिनांगला एक चिनी चांभार होता. त्यानं अंगठ्याची वहाण जन्मात बघितली नव्हती. ती त्यानं हातात घालून बघितली, कानाला लावून बघितली, शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवली, आणि दुरुस्त करून दिली तेव्हा अंगठा चुकीच्या बाजूला शिवलेला! नवरा महिनाभर डाव्या पायातली उजव्यात घालून हिंडला, पण त्या म्हाताऱ्याला बोलला नाही, कारण दुकानावरनं जाताना तो रोज मोठ्या हौसेनं त्याच्या पायांकडं बघायचा. रंगूनला शेजारी एक बर्मी म्हातारी मनगटाएवढी चिरूट ओढत बसायची आणि हा बाहेर पडला की तोंडाकडं हात नेऊन विचारायची, जेवलास का? सासूबाई आधी म्हणाल्या, "बाईमाणूस असून ओढते? शी!" मग जरा वेळानं म्हणाल्या, "पण जेवलास का म्हणून विचारते ना? मग ओढू दे."

ही माणसं माझी झाली होती. नळावर पाण्याला गेले की मी ती बायकांना सांगायची. शेजारच्या विणकरांच्या बायका आपसात तेलुगू बोलायच्या, पण माझी गोष्ट सुरू झाली की गप्प व्हायच्या. "मग? चिनी चांभाराचं काय झालं?" माझ्या घागरीचा नंबर त्या पुढं लावायच्या, म्हणजे मी सांगायला मोकळी. गल्लीत मी न गेलेल्या गावांची जाणकार होऊन बसले होते.

नवऱ्याबरोबर मी मोजून तीन वर्षं राहिले होते आणि त्या तीन वर्षांत त्यानं माझ्याशी शंभर वाक्यं धड बोलली असतील तर शपथ. जीव जडला तो त्याच्या कार्डांवर. हे मी आज सरळ सांगते, मला लाज नाही. वाटायचं, माणूस तोंडानं मुका आहे पण आतनं केवढा बोलका! दुकानदार, म्हाताऱ्या, चांभार, सगळ्यांकडं बघतो, त्यांचं मन राखतो. असा नवरा आपला आहे आणि तो परत येणार आहे.

वाचून झालं की भाऊजी ते कार्ड भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात ओवायचे. जुनी खाली, नवी वर. तो आकडा मी रोज फडक्यानं पुसायची.

मी एकवीस वर्षांची असताना आमच्या गल्लीच्या टोकाला दुपारी बायकांचा वर्ग निघाला. शिकवणाऱ्या बाई विधवा होत्या, आवाज खणखणीत, कुणाला भीत नसत. सासूबाईंनी परवानगी दिली, कारण वर्ग दुपारचा होता आणि भाकऱ्या सकाळीच होऊन जायच्या. मी गेले ती अक्षरांवर तुटून पडले. तीन महिन्यांत बाळबोध लिहायला लागले. आणि तिथंच पहिला घोटाळा झाला.

मी पाटीवर लिहिलं, 'आज घरी पाहुणे आले.' पाटी भरली! मी बघतच राहिले. पाहुणे कोण, कुठनं आले, काय जेवले, काहीच लिहून झालं नव्हतं. मला वाटलं, आपलंच अक्षर ढब्बू आहे. बाईंना विचारलं, "बाई, अक्षर बारीक कधी होतं?" त्या म्हणाल्या, "सरावानं होतं." मग काय, मी सराव सुरू केला. मोहरीएवढी अक्षरं काढायची. बाई म्हणायच्या, "अगं, माणसांना वाचायला लिहितेस की मुंग्यांना?" तरी एका पाटीत चार-पाच वाक्यांच्या वर जाईना. नवऱ्याची नारळवाली काही माझ्या पाटीत मावायला तयार नव्हती.

एक दिवस घरी कुणी नसताना आकड्यातलं वरचं कार्ड ओढून बघितलं. एक अक्षर लागेल तर शपथ! वर एक लांब रेघ आणि तिला नुसती वेटोळी लोंबकळलेली, या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकच जाळं. संध्याकाळी मी धीर करून सासूबाईंच्या तोंडून विचारवलं. भाऊजींनी चष्मा पुसला. "ती मोडी आहे म्हणावं. पेढीवरची माणसं मोडीच लिहितात. मोडीत शब्द आखडतो, थोडक्या जागेत पुष्कळ मावतं. तिला यायची नाही."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तरीच! मोडीतली जादू होती ती. माझ्या ढब्बू अक्षराचा दोष नव्हता.

वर्षभरानं बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "पुण्याला बायकांसाठी मास्तरणीचं शिक्षण आहे. राहायची सोय आहे. या वर्गातनं एक नाव पाठवायचं आहे आणि मी तुझं पाठवणार. शिकून आलीस की शाळेत नोकरी, स्वतःच्या पायांवर उभी राहशील. नवऱ्याचं संमतीपत्र तेवढं आण."

त्या रात्रीपासनं मला धड घास गेला नाही. पुणं! मास्तरीण! आमच्या खेड्यात मास्तर पुरुषसुद्धा एकच होता. सासूबाई वाती वळत राहिल्या. भाऊजी म्हणाले, "आई, तिला म्हणावं, मी त्याला लिहितो. तो म्हणेल तसं." बरोबरच होतं. माझं नशीब रंगूनला विचारायला गेलं आणि मी दिवस मोजत बसले.

उत्तर आलं ते बंद पाकिटातनं. माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं उघडी कार्डं, आणि माझ्याबद्दल लिहायचं तर नवऱ्यानं पाकीट केलं!

त्या दिवशी भाऊजींनी चष्मा फार वेळ पुसला. मग वाचलं. रंगूनला एक छत्र्या दुरुस्त करणारा होता. नवऱ्याची छत्री मोडली म्हणून हा त्याच्याकडं थांबला, बाहेर धो धो पाऊस. त्यानं काडी बसवली, कापड शिवलं, आणि छत्री हातात देतो तोच पाऊस थांबला. तो म्हणाला, आता मोबदला कशाचा घेऊ, पाऊस तर गेला. आणि त्यानं खरोखरच काही घेतलं नाही. सासूबाई हसल्या. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते. शेवटी भाऊजी म्हणाले, "आणि लिहितो की, तिनं पुण्याला जाऊ नये. घरीच राहावं, आईला सांभाळावं. पुढच्या दिवाळीला मी येतो."

मी रडले, पण सांगू का, निम्मं आनंदानं रडले. येतो म्हणाला होता! बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्र तू वाचलंस?" मी म्हटलं, "मोडी आहे बाई." माझ्या जागी वर्गातल्या दुसऱ्या एकीचं नाव गेलं.

दिवाळी आली. नवरा आला नाही. पेढीचं काम लांबलं, असं पुढच्या कार्डातनं कळलं, आणि त्या कार्डात एका नावाड्याची गंमत होती. त्याच्या पुढची दिवाळीही गेली.

आता लोकांना वाटतं, मला संशय आला म्हणून मी मोडी शिकले. छे! संशय कसला? मला त्या गोष्टी परत ऐकायच्या होत्या. भाऊजी एक पत्र एकदाच वाचायचे. सासूबाईंनी "ते चांभाराचं परत वाच रे," म्हटलं की म्हणायचे, "झालं ते झालं." मला वाटायचं, आपल्याला मोडी आली तर दुपारी एकटीनं बसून नारळवालीला हवं तितक्या वेळा भेटता येईल. आणि ते 'मी येतो' माझ्या डोळ्यांनी बघता येईल.

बाईंचे वडील जुने कचेरीतले कारकून. दात सगळे गेलेले, पण अक्षर मोत्यासारखं. मी शिकवा म्हटलं तर म्हातारा हरखला. "अहो, मोडी आता मोडीतच निघाली! कोण शिकतं?" आधी रेघ मारायची, मग अक्षरं तिला टांगत जायची, टाक उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. आणि दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायची नाही. "शब्द कुठं तोडायचा ते वाचणाऱ्याच्या अकलेवर," असं ते म्हणायचे. मला वर्ष लागलं, पण आली.

सासूबाई कीर्तनाला आणि भाऊजी शाळेत गेलेले, अशी एक दुपार बघून मी आकडा भिंतीवरनं उतरवला. सगळी कार्डं काढून क्रमानं मांडली. सगळ्यात खालचं, पहिलं कोलंबोचं, हातात घेतलं. नारळवालीचं.

'तीर्थस्वरूप दादांचे सेवेसी साष्टांग नमस्कार. येथे पोचलो. प्रकृती ठीक. तिकडील खुशाली कळवावी. तीर्थरूप आईस नमस्कार.'

संपलं.

मला वाटलं, हे दुसरं कार्ड असेल. पुढचं घेतलं. 'प्रकृती ठीक. हवा दमट. खुशाली कळवावी.' त्याच्या पुढचं घेतलं. 'पिनांगास आलो. प्रकृती ठीक.' चांभार? उलटं करून बघितलं. मागं पत्ता. रंगूनची सगळी वाचली, एकेक ओळ बोटाखाली धरून. म्हातारी नाही, चिरूट नाही, जेवलास का नाही. सात वर्षांच्या कार्डांत एक माणूस त्याला भेटलं नव्हतं. आणि मी? आईस नमस्कार होता. शेजाऱ्यांच्या आजारी म्हाताऱ्याची विचारपूससुद्धा एकदा होती. माझं नाव नव्हतं, 'घरी' नव्हतं, 'तिला' नव्हतं. ज्या एका मान डोलावण्यावर मी सात वर्षं काढली, ते डोलावणं आमच्या ओसरीवर झालं होतं.

मग मला पाकीट आठवलं. ते आकड्यात नव्हतंच. मी भाऊजींच्या फळीवरची पुस्तकं उपसली. नकाशांच्या मोठ्या पुस्तकात, ब्रह्मदेशाच्या पानात ते निघालं. लपवलं होतं, पण फाडलं नव्हतं. मास्तर माणूस, कागद फाडवला नसेल.

पहिली ओळ नमस्काराची. दुसरी लागली, 'शिकण्याचेमनअसल्यासशिकूद्यावे.' शिकू द्यावे! पुढं होतं, 'माझीवाटपाहूनये.'

शब्द तोडायचा वाचणाऱ्याच्या अकलेवर. मी वाचलं, 'माझी वाट पाहून ये.' देवाशपथ सांगते, असंच वाचलं. 'ये.' भावाला थोडंच कुणी 'ये' लिहितं? भावाला 'यावे'. हा 'ये' माझ्यासाठी होता! सात वर्षांत पहिल्यांदा नवरा माझ्याशी बोलला होता. शिक, माझी वाट बघ, आणि मग इकडं ये. मी रंगूनला जायला उठलेच होते की. किती क्षण तशी बसले कुणास ठाऊक. माझ्या लग्नाचं सगळं सुख मी तेवढ्या वेळात भोगून घेतलं.

मग खालची ओळ वाचली. 'येथे मी लग्न केले आहे. परत येणे होणार नाही. आईस सांगावे की न सांगावे ते आपण ठरवावे.'

आणि मग वरचा शब्द परत तोडला. 'पाहू नये.'

भाऊजी साडेपाचला आले. पाय धुतले. मी चहाचा कप ठेवला आणि कपाशेजारी तो कागद ठेवला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊजींनी कागद बघितला आणि सवयीनं चष्मा पुसायला घेतला. मी म्हटलं, "राहू द्या भाऊजी. आज मी वाचते." आणि दाराआडनं नाही, ओसरीच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं वाचलं, नमस्कारापासनं शेवटपर्यंत. मग आकड्यातली कार्डंही वाचली. सगळी मिळून एक चहा निवेपर्यंत संपली.

भाऊजी पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, "सुरुवातीला आईसाठी केलं. ती विचारायची, काय खातो, कुणाशी बोलतो. कार्डात काही नसायचं. मग मी बाजारातली कलिंगडवाली घेतली आणि तिला कोलंबोला नेऊन बसवली. तुलाही ऐकावंसं वाटायला लागलं. लग्नाचं कसं वाचणार होतो? जीभ उचलेना गं."

मी म्हटलं, "लग्नाचं लपवलंत ते एक वेळ सोडते. 'शिकू द्यावे' कुठं गेलं?"

ते कपाच्या कडेवरनं बोट फिरवत राहिले.

"बोला की! सात वर्षांत त्या माणसानं माझ्यासाठी दोन शब्द लिहिले. तेवढेच दोन, भाऊजी. त्याला मी नको होते, तरी त्यानं माझी वाट सोडून दिली. आणि तुम्ही ती अडवून धरलीत! नारळवाली खोटी, चालेल. 'जाऊ नये' कुणी लिहिलं होतं?"

"आईला दिसत नाही," ते खाली बघून म्हणाले. "तू गेलीस तर घराचं कसं झालं असतं?"

म्हणजे भाकऱ्या. कडक भाकऱ्या. माझ्या पुण्याची किंमत तेवढी होती. मी सासूबाईंकडं वळले. त्यांना धक्का बसला असेल, त्यांना सावरायला हवं, असं त्या रागातही माझ्या मनात आलं. त्या तर आपल्या पाय चोळत बसल्या होत्या.

"तो एवढं बोलेल होय?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोटचा तो. जेवताना मीठ हवं तर बोट दाखवायचा. मला पहिल्या कार्डालाच कळलं होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"ऐकायला बरं वाटायचं."

पुण्याचंही कळलं होतं का, असं मी विचारलं. त्या भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

मी दुसऱ्याच दिवशी बाईंकडं गेले. त्यांनी सगळीकडं लिहून पाहिलं. वयाची अट होती, ती मी ओलांडली होती. माझ्या जागी गेलेली बाई शिकून परत आली, पुढं मोठ्या हुद्द्यावर चढली. मला बिनशिक्षणाची मास्तरीण म्हणून बालवर्गावर घेतलं, आणि मी बालवर्गावरच राहिले. तिनं माझं काही घेतलं नव्हतं, तरी ती तपासणीला वर्गात आली की मला तिच्या तोंडाकडं बघवायचं नाही.

घर मी सोडलं नाही. जाणार कुठं? माहेरी वडील थकलेले. सासूबाई गेल्या. भाऊजींना मोतीबिंदू झाला, एका डोळ्याचा काढताना बिघडला, दुसऱ्यानं उजेड तेवढा दिसायचा. मग संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. जेवढं छापलंय तेवढंच. एक शब्द जास्त नाही. ते कधी कधी विचारायचे, "एवढंच?" मी म्हणायची, "एवढंच." रंगूनची कार्डं अजून यायची, वर्षातनं एखादं. तीही तशीच वाचायची. 'प्रकृती ठीक.' एवढंच.

शेवटचं आलं ते बाळबोधीत, परक्या हाताचं, कोपरा फाडलेलं. पोस्टमननं ते लांबूनच धरलं होतं. कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं ते सगळ्यांना माहीत असतं, आणि असलं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. मी ते दारात उभी राहून मनात वाचलं. भाऊजी ओसरीवर बसले होते.

"कुणाचं आहे गं?"

माझ्या कपाळावर कुंकू होतं. दुसरी बायको करून बसलेल्या माणसाचं कुंकू, पण मी ते लावत होते. नुसतं 'प्रकृती ठीक' म्हटलं असतं तरी ते राहिलं असतं. त्या म्हाताऱ्याला काय कळणार होतं! आणि सांगू का, मला सुचलंही होतं. त्याच क्षणी सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. नवरा कोलंबोला परत उतरलाय, नारळवाली म्हातारी झालीय, तिनं त्याला ओळखलंय, आणि कानाशी नारळ नेऊन ती टिचकी मारतेय. गोष्ट जिभेवर आली होती. मी ती गिळली.

मी वाचलं. 'आपले बंधू अल्पशा आजाराने वारले. कळावे.'

भाऊजींनी चष्मा काढून सोग्यानं पुसला. मग त्या बिघडलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत म्हणाले, "आणखी काही लिहिलंय? शेवटी कोण होतं त्याच्याजवळ? कुणाशी बोलला का?"

मी कार्ड उलटं केलं. मागं पत्ता होता.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

कार्ड फाडलं आणि अंगणात अंघोळीचं पाणी काढायला गेले.